सडा ओसाड नसतो

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘वृक्षतोडीमुळे कोकणातले सडे आणि सह्याद्रीची पठारे ओसाड झाली आहेत, तिथे झाडे लावा, जैवविविधता आपोआप वाढेल.’ हेतूबद्दल शंका नाही, पण यातला एकही दावा सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या, सपाट माथ्यावर, टिकत नाही.

आधी वृक्षतोडीचे पाहू. उतारांवर ती झाली हे खरेच. मात्र माथ्यावरच्या जांभ्यावर माती जेमतेम बोटभर, तीही पावसाने धुऊन नि:सत्त्व झालेली असते. पावसाळ्यात तिथे पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात त्याच कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. एखाद्या खोल भेगेत झाड तग धरते, इतरत्र नाही.

राहिला ओसाडपणा. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य, असे लिहिलेल्या या जमिनीवर गुडघे टेकून पाहावे. उघड्या कातळावरचे त्रायपोगॉन गवत पार वाळून कुरकुरीत होते आणि पहिल्या पावसानंतर त्याच पात्यांनी पुन्हा हिरवे होते. पाणी झिरपणाऱ्या पातळ थरात निळीजांभळी ‘सीतेची आसवे’ फुलतात. मातीत न मिळणारे नत्र ती बारीक जीव पकडून मिळवतात, आणि त्यांच्या मातीखालच्या सूक्ष्म पिशव्या भक्ष्य आत ओढतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. माती चार बोटे अधिक असली की कंदवाल्यांचे राज्य सुरू होते: कासचा वायतुरा किंवा रत्नागिरीची दीपकाडी वर्षातले बहुतेक महिने जमिनीखालीच काढतात. पाणी आणि उपासमार सोसण्याची रीत वेगळी, म्हणून वस्तीही वेगळी. वीतभर अंतरावर वनस्पतींचा समूह बदलतो तो यामुळेच. शिवाय अन्नद्रव्ये इतकी कमी की कोणा एका जोमदार जातीला सगळी जागा बळकावता येत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार जागतिक वारसा यादीत गेले, ते झाडांसाठी नव्हे.

आता लागवड. खड्डे फोडून, बाहेरची माती भरून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ कधीकधी जगतेही. पण तिच्या सावलीत आणि सावकाश कुजणाऱ्या पाचोळ्याच्या थराखाली ‘गेंद’ या सड्यावरच्या बोटभर उंचीच्या रोपाला ऊन मिळत नाही, आणि भरावाची कसदार माती लाभलेले तण सीतेच्या आसवांना मागे सारते. झाडांची संख्या वाढते, जातींची घटते. झाडे लावायचीच असतील, तर सड्याखालच्या त्या उतारांवर लावावीत जिथे खरोखर रान होते, आणि तीही तिथलीच.