अज सादर करा

फोंड्याच्या घरातल्या एका जोडणीवर अजून बाबांचं नाव होतं, ते काढून माझं लावायचं होतं. अर्ज ऑनलाइन. (कसली जोडणी ते सांगत नाही. तोडतील.) पान उघडलं तर अक्षरं नाचणीच्या दाण्याएवढी. फोनवर दोन बोटांनी ताणून पाहिली, हलेनात. असलीच पानं बनवणारा माझा भाचा पणजीत असतो. त्याला फोन केला, तेव्हा कळलं की पान बनवणाराच आत एक ओळ लिहून ते ताणणं बंद करू शकतो. म्हणजे घराला खिडकी ठेवायची आणि आतून खिळे मारायचे.

मग कॉम्प्युटर लावला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरं १६ ची २४ केली. बाकी सगळी पानं फुगली, हे आपलं ढिम्म. "पिक्सेलच्या ठरावीक मापात बांधलंय. रेममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या सेटिंगप्रमाणे बदलणाऱ्या मापात असतं तर वाढलं असतं," भाचा म्हणाला आणि फायरफॉक्समध्ये फक्त मजकूर मोठा करायची युक्ती सांगितली. अक्षरं वाढली खरी, पण त्यांच्या चौकटी होत्या तेवढ्याच राहिल्या आणि वरचे रफार कापले गेले. हिरव्या बटणावर ठळक अक्षरांत आलं: 'अज सादर करा'.

बायको मागून वाचत होती. "आतां बोकडो खंयसून हाडटलो?"

शेवटी कंट्रोल आणि अधिक दाबून सगळं पानच २०० टक्के केलं. रफार परत आला, पण ओळ रायबंदरला सुरू होऊन मांडवीपलीकडे चोडणला संपायला लागली. एक ओळ वाचायची, परत अलीकडे यायचं, पुढच्या ओळीला पुन्हा पलीकडे. फेरीबोटीत निदान वारा तरी लागतो. शिवाय वरचा हसऱ्या चेहऱ्यांचा पट्टा आणि खालची कुकीची सूचना दोघंही दुप्पट झाली. मध्ये चार बोटं अर्ज उरला. 'पुढे' हे बटण कुठेच नाही. १०० वर आणलं की बटण हजर, अक्षरं गुल.

भाच्याने निदान केलं, "मामा, तूं झूम करूं नाका. डिझायन मोडटा."

आणि माझी मान मोडते ती? मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्यानेच कबूल केलं: अक्षरं २०० टक्के केली तरी काही हरवता कामा नये, हे डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबची पानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या नियमांत २००८ पासून आहे. २०१८ मध्ये आणखी भर पडली: १२८० पिक्सेल रुंदीचं पान ४०० टक्के केलं तरी मजकूर एकाच रकान्यात बसायला हवा, आडवं सरकवायला लागू नये. नकाशे, तक्ते वगैरेंना तेवढी सूट.

"तुला हे सगळं माहीत आहे?"

"माका खबर आसा. क्लायंटाक ना."

दुसऱ्या दिवशी सरळ कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला टेकवलं, माझं नाव टाइप केलं आणि उंदीर गरागरा फिरवायला लागल्या. त्यांचंही पान २०० वर होतं.

"सायबा, हें 'पुढे' खंय गेलें?"

"उजवीकडे सरकवा, बाय," मी म्हणालो. "चोडणला असेल."