पालथ्या घड्यावरचा बर्फ

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, की मराठी वर्तमानपत्रांत फोटो येतो. गाडीच्या टपावरचा पांढरा थर नखाने खरवडणारा एक पर्यटक आणि शेजारी कानटोपीतली त्याची बायको. अमेरिकेतल्या मिनेसोटात अशाच एखाद्या पहाटे उणे २४ अंशांत कोंबड्यांच्या भांड्यातलं पाणी तळापर्यंत दगड झालेलं असतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण त्यासाठी हातमोजा काढावा लागतो.

मिनिआपोलिसच्या आसपास परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना देशातून फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘अगंबाई, त्यांना थंडी नाही का वाजत?’ नाही वाजत. कोंबडीचं अंग मुळात ४१ अंशांचं आणि वर पिसांची रजई. खुराडं कोरडं असलं, वारा थेट अंगावर येत नसला, की ती दांडीवर फुगून बसते आणि आपल्याकडे दयेने बघते. थंडी वाजते ती पाणी नेणाऱ्याला.

पाणी मात्र हवंच. अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि कोंबडी खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते. हिवाळ्यात सहा कोंबड्यांना दिवसाला सव्वा ते दीड लिटर लागतं. पाणी तुटलं की खाणं कमी होतं, खाणं कमी झालं की रात्री अंगात ऊब राहत नाही, आणि अंडी तर आधीच बंद पडतात. बर्फ खाऊन भागवतील म्हणावं, तर तो पोटात वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

एक दिलासा आहे. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. २१ डिसेंबरला इथे सूर्य सकाळी पावणेआठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण इथे कोंबडं उघडं ठेवलं तरी ते सातपर्यंत नीट फुटत नाही. म्हणजे पाणी पातळ ठेवायचं ते फक्त पावणेनऊ तास. रात्रभर जपायची गरज नाही. भांडं संध्याकाळी उचलून घरात आणायचं. नवशिका गडी नेमका इथेच चुकतो. तो रात्री भरलेलं भांडं बाहेर ठेवून झोपतो आणि सकाळी हातोडी शोधतो.

बाजारात मिळणारं नेहमीचं भांडं म्हणजे शब्दशः पालथा घडा. वर उलटा डबा, खाली दोन-तीन सेंटीमीटर खोल गोल खोबण. खोबणीतलं पाणी डब्याच्या भोकाखाली गेलं की भोकातून हवा आत शिरते आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. व्यवस्था नामी आहे, पण ती उथळ खोबण सगळ्यात आधी गोठते आणि भोक बंद होतं. मग आत आठ लिटर पाणी खळखळत असतं आणि बाहेर सहा कोंबड्या बर्फावर टोचा मारत असतात. टाकी भरलेली आणि नळ कोरडा! पुण्याच्या सोसायटीत राहून आलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

गोठलेल्या भांड्यावर हातोडी चालवू नये. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे प्लास्टिक आधीच ताणलेलं असतं, आणि उणे २० ला ते पापडासारखं मोडतं. दुहेरी भिंतीच्या पत्र्याच्या भांड्यात फिरवून बसवायचं झाकणच बर्फाने धरून ठेवलेलं असतं. ओल्या हाताने ओढायला जाल तर कातडी पत्र्याला चिकटेल. उपाय एकच, भांडं घरात आणून बाथटबमध्ये ठेवणे. त्यावर घरातून येणाऱ्या प्रतिक्रियांना उपाय नाही.

आता घरगुती तोडगे. सगळ्यात लाडका तोडगा म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेली बाटली भांड्यात तरंगत ठेवणे. बाटलीतलं पाणी गोठत नाही हे खरं. पण ते भोवतालच्या पाण्याइतकंच गार होतं, त्याला ऊब देत नाही. चाळीत एकाने स्वेटर घातला म्हणून शेजाऱ्याची थंडी जात नाही, तसं. वाऱ्याने बाटली हलली तर शून्याच्या जरा खाली तासभर टिकाव लागतो, एवढंच. पाण्यात तरंगत सोडायच्या पिंपाँगच्या चेंडूंचंही तेच. थेट पाण्यातच मीठ घालू म्हणाल, तर समुद्राइतकं खारट पाणीसुद्धा उणे दोनच्या आसपास गोठतं. उणे १० पर्यंत जायचं तर लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या वर मीठ लागेल. ते लोणचं मुरवायला ठीक, कोंबडीला ते विष आहे. चमचाभर व्हिनेगरने गोठणबिंदू हलत नाही. शिवाय जस्ताच्या मुलाम्याच्या भांड्यात आम्ल घातलं की जस्त पाण्यात उतरतं. गाडीच्या रेडिएटरमधलं द्रव्य तर खुराड्याच्या आसपासही नेऊ नका.

माझं मत विचाराल तर विजेशिवायच्या सगळ्या उपायांत खरा एकच. काळ्या रबराच्या दोन वाडग्या, प्रत्येकी दोनेक लिटरच्या. एक बाहेर, एक घरात. बाहेरची गोठली की उपडी करून बुडावर बूट दाबायचा, की साच्यातून मोदक सुटावा तशी बर्फाची अख्खी चकती बाहेर पडते. रबर वाकतं म्हणून फुटत नाही, आणि काळं असल्याने ऊन असेल तेव्हा थोडं तापतं. पाणी कोमट घालायचं, आंघोळीचं असतं तसं. कढत घातलं तर वाफ तुऱ्यावर बसून तिथेच गोठते. वाडगी जुन्या टायरच्या पोटात बसवून टायरमध्ये थर्माकोल कोंबला, तर उणे पाच-सहापर्यंत ऊन असलेला दिवस निघतो. उणे १० ला पाण्यावर तासा-दीड तासात साय धरते. म्हणजे सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन अशा तीन खेपा. घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसच्या कॅलेंडरात तेवढा वेळ अडवून ठेवावा, कारण लिहावं ‘क्लायंट’.

वीज आली की माणूस हुशार होतो. पहिला प्रयोग बिस्किटांच्या निळ्या गोल डब्याचा, ज्यात प्रत्येक मराठी घरात बिस्किटं सोडून सुई-दोरा निघतो. डब्याला बाजूने भोक पाडायचं, होल्डर बसवायचा, ४० वॅटचा तारेचा बल्ब लावायचा, झाकण लावून वर पत्र्याचं भांडं ठेवायचं. बल्ब झाकणाला टेकू द्यायचा नाही आणि डबा भुशावर न ठेवता फरशीवर ठेवायचा, नाहीतर पाण्याऐवजी खुराडंच तापेल. एलईडी लावून चालत नाही. उजेड छान पडतो, पाणी छान गोठतं. अमेरिकेत २०२३ पासून साधे तारेचे बल्ब दुकानांतून जवळपास हद्दपार झाले, पण ओव्हनमध्ये लावायचा ४० वॅटचा बल्ब मिळतो, तो आणा. शून्याच्या थोडं खालपर्यंत हा डबा इमानदार आहे. कडाका वाढला की दमतो.

त्याहून बरा, विकत मिळणारा तापणारा पाट. १२५ वॅट, आत थर्मोस्टॅट, पारा दोन अंशांच्या आसपास उतरला की आपोआप सुरू. त्यावर पत्र्याचंच भांडं ठेवायचं, प्लास्टिकचं ठेवलं तर वितळेल. पाट सपाट जागीच हवा. तिरका असला तर पालथा घडा एका बाजूने रात्रभर सांडतो आणि सकाळी खुराड्यात स्केटिंगची सोय झालेली असते. चोवीस तास चालला तरी दिवसाला तीन युनिटं. युनिटला १५ सेंट धरले तर ४५ सेंट. एकशे दहा दिवसांचा हिवाळा ५० डॉलरच्या आत. या हिशोबात अंड्यांचा भाव कुणी घालू नये, संसार मोडतो.

नीटनेटकी माणसं १९ लिटरच्या बादलीला आडव्या तोट्या लावतात, चोचीने दाबलं की पाणी सोडणाऱ्या. साडेनऊ मिलिमीटरचं भोक, तळापासून पाच-सात सेंटीमीटर वर. सहा कोंबड्यांना तीन तोट्या पुरतात. बादलीत जाळीच्या आवरणाचा, थर्मोस्टॅट असलेला बुडता हीटर. इथे तीन गोष्टी बिघडतात. पाण्याची पातळी उतरली की उघडा पडलेला हीटर बादली वितळवतो. झाकण हवाबंद असलं तर आत पोकळी तयार होऊन तोटी देतच नाही, म्हणून झाकणाला बारीक भोक हवं. आणि उभ्या तोट्या घेतल्या तर त्यांच्या धातूच्या पिनेवर लोंबणारा थेंब आधी गोठतो, आत पाणी उबदार असूनही. आडव्यासुद्धा उणे २० च्या खाली अडकतात. सकाळी एकेक बोटाने दाबून बघाव्या. कोंबड्यांना तोटीची सवय ऑक्टोबरातच लावा, जानेवारीत शिकवणी घेऊ नका.

वायर बाहेर वापरायचीच हवी, १४ गेजची किंवा जाड. जोड जमिनीवर बर्फात लोळू द्यायचा नाही, आणि वायरला प्लगआधी खाली एक झोल ठेवायचा म्हणजे पाणी झोलावरून ठिबकतं. गळती झाली की वीज तोडणारं सॉकेट सक्तीचं समजा. ते जीव वाचवतं. पण ते पडतं तेव्हा कुणाला सांगत नाही. पहाटे दोनला पडलं तर आठला कळतं. म्हणून रबराच्या वाडग्या टाकून देऊ नयेत.

उघड्या वाडगीचा एक तोटा आहे. लांब तुऱ्याचा कोंबडा पाणी पिताना चोचीखालच्या लाल झालरी भिजवतो, आणि उणे १५ ला त्या टोकाकडून काळ्या पडतात. पाण्यावर भोकं पाडलेली प्लायवुडची चकती तरंगत ठेवली, की चोचच बुडते, झालर कोरडी राहते. हाच विचार पार मुळापासून केला तो कॅनडात क्यूबेकमधल्या ओकाच्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी. १९०८ पासून त्यांनी शांतक्लेर नावाची जात तयार केली, जिला तुरा नावापुरता आणि झालरी जवळजवळ नाहीतच. वायरी जोडण्यापेक्षा कोंबडीच बदलली! मठात वेळ असतो.

पाणी शक्यतो खुराड्याबाहेर, छपराखालच्या जाळीत ठेवा. आत वाफ साचली तर कोरड्या थंडीत न होणारं नुकसान ओलीत होतं, म्हणून वरचे झरोके कडाक्यातही उघडे हवेत. आणि २५० वॅटचा लाल दिवा भुशावर टांगू नका. खुराडी जळतात ती बऱ्याचदा त्याच्यानेच.

मार्चच्या मध्यावर दिवसा पारा शून्याच्या वर जातो. बूट दाबून काढलेल्या बर्फाच्या चकत्यांचा महिनोन्‌महिने साचलेला ढीग खुराड्यामागे वितळायला लागतो, त्यात विष्ठा, भुसा, पिसं मिसळून एक तपकिरी डबकं होतं. सहाही कोंबड्या त्या डबक्याभोवती उभ्या राहून माना वर करकरून पाणी पितात. चार पावलांवर थर्मोस्टॅटवरचं भांडं भरलेलं असतं, स्वच्छ, कोमट, १२५ वॅटचं.