बासष्ट की त्र्याहत्तर?

बेसबॉलच्या विक्रमावरच्या एका लेखात म्हटलंय की न्यूयॉर्क यांकीज संघाच्या ॲरन जजचे २०२२ च्या मोसमातले ६२ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) हाच 'खरा' विक्रम. मी जजचा चाहता, तरी हे पटलं नाही. ६२ हा अमेरिकन लीगचा, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीचा विक्रम. दुसऱ्या लीगमधल्या बॅरी बाँड्सचे २००१ चे ७३ होमरन विक्रमांच्या पुस्तकात आहेतच. ताकद वाढवणाऱ्या औषधांचा संशय घ्या, नाक मुरडा, पण खोडरबर कशाला? रॉजर मॅरिसनेही हेच भोगलं होतं. १९६१ मध्ये त्याने बेब रूथचे ६० मागे टाकले, तेव्हा लोक कुरकुरले, की रूथच्या वेळी मोसम १५४ सामन्यांचा होता, याला १६२ मिळाले!

बाकी जजच्या २०२२ च्या सप्टेंबरची मजा लेखात यायला हवी होती. साठावा होमरन मारला आणि मग सात सामने कोरडे. जज बॅटिंगला आला की यांकी स्टेडियम (त्यांचं घरचं मैदान) उभं राहायचं, आणि पिचर (चेंडू फेकणारा) चेंडू टाकायच्या बेतात आला की चिडीचूप. हजारो लोक मोबाइल वर धरून गप्प! आपल्याकडे सचिन नव्वदीत असताना घरात कुणाला जागेवरून हलू देत नसत, तसलाच प्रकार. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणात मध्येच जजची बॅटिंग दाखवायचे, त्यावरून फुटबॉलवाले खवळले ते वेगळंच.

एकसष्टावा टोरांटोत, बासष्टावा ४ ऑक्टोबरला टेक्सासात. न्यूयॉर्कच्या घरच्या प्रेक्षकांना दोन्ही टीव्हीवरच बघावे लागले, बिचारे.