मालकांकडून उत्तर: दुसऱ्या भेटीनंतरचे दोन स्टार

नमस्कार सर,

आमच्या स्पॅनिश तापास रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा आवडलं नव्हतं तरी पुन्हा आलात, त्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी अशा: सगळ्या प्लेट एकदम आल्या, कोळंबी तेलात बुडालेली आणि रबरासारखी, तॉर्तिया (बटाट्याचं जाड स्पॅनिश ऑम्लेट) आतून कच्ची, क्रोकेतात (दूध-मैद्याच्या दाट सॉसचे तळलेले गोळे) ‘पिठलं’, ब्राव्हास (सॉस घातलेले तळलेले बटाटे) काळपट आणि मिळमिळीत, आणि एवढं बिल देऊन पोट भरलं नाही.

प्लेट एकदम आल्या कारण ऑर्डर एकदम आली. तापास म्हणजे छोट्या छोट्या प्लेट, त्यात स्टार्टर, मेन कोर्स असा क्रम नसतो. जे तयार होईल ते टेबलावर येतं. चौघांनी नऊ प्लेट एका दमात सांगितल्या की निम्म्या गार होणारच. दोन-तीन सांगाव्यात, संपत आल्या की पुढच्या.

कोळंबीचं रबर झालं तेही यातूनच. गांबास आल अहियोमध्ये, म्हणजे या लसूण-कोळंबीत, लसणाचे काप थंड ऑलिव्ह तेलात घालून मंद आचेवर चढवतो. कडा सोनेरी झाल्या की सुकी मिरची आणि कोळंबी. दीड मिनिटात काम तमाम. मातीचं भांडं आचेवरून उतरल्यावरही काही वेळ उकळत राहतं, त्यामुळे कोळंबी आल्या आल्या खायची. फोटो आधी काढायचे असतील तर क्रोकेताचे काढा, ते थांबतात. तेल मात्र कमी करणार नाही. तेल कमी पडलं की कोळंबी शिजायच्या आत लसूण करपतो आणि सगळं कडू होतं. ते तेल पावाने टिपून खायचं असतं, पदार्थाची खरी चव त्यातच उतरलेली असते. पाव तुम्ही परत पाठवलात, तो त्यासाठीच होता.

तॉर्तियात बटाट्याचे पातळ काप रंग न येऊ देता तेलात वीसेक मिनिटं मऊ करतो, निथळून फेटलेल्या अंड्यात दहा मिनिटं मुरवतो, मग तव्यावर. कडा घट्ट, मध्यभाग ओलसर हवा. स्पेनच्या गलिसिया प्रांतातल्या बेतान्झोस गावची तर कापली की वाहते. ओलसर म्हणजे कच्ची नव्हे. मध्यभागी थर्मामीटर खुपसून ६३ अंश तापमान २० सेकंद टिकलं की उतरवतो. स्पेनमधल्या उपाहारगृहांना २०२२च्या नियमाने घालून दिलेल्या मर्यादांपैकी ही एक. तरी नको वाटत असेल तर ‘घट्ट’ असं सांगा, तशीही करून देतो.

क्रोकेतात पिठलं: वर्णन अचूक आहे, तक्रार मान्य नाही. १ लिटर दुधाला १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम मैदा, सतत ढवळत अर्धा तास, मग रात्रभर फ्रिजमध्ये. मैदा वाढवला तर वळायला सोपं जातं, तळताना फुटत नाही, पण खाताना पीठ लागतं. असे क्रोकेता बऱ्याच ठिकाणी मिळतात.

ब्राव्हासचं काळपटपण पावसाळ्यातलं आहे. या दिवसांत बाजारात शीतगृहातला बटाटा येतो. शीतगृहाच्या गारव्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना कुरकुरीत होण्याआधीच रंग चढतो. त्यावर उपाय म्हणून पोती दोन आठवडे बाहेर ठेवतो, मग आधी १४० अंशांवर आणि नंतर १८५ अंशांवर असं दोनदा तळतो. फरक पडतो, पण हिवाळ्यातल्या ताज्या बटाट्याचा रंग येत नाही. तिखटाचं म्हणाल तर सॉस माद्रिदच्या वळणाचा आहे: पिमेंतॉन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड), मैदा, स्टॉक, टोमॅटो नाही. स्पेनमधल्या ला व्हेराची ही मिरची ओकच्या लाकडावर धुरी देऊन वाळवतात. तिच्यात धुराचा वास आहे, लवंगीचा झटका नाही. वरून तिखट भुरभुरलं तर वास मारला जाईल, म्हणून ते करत नाही.

पोट भरण्याबद्दल. मेनूवर ‘तापा’ आणि ‘रासियॉन’ असे दोन भाव आहेत. तुमच्या नऊही प्लेट तापा होत्या, म्हणजे एकेका माणसाचा घास. रासियॉन म्हणजे वाटून खायची मोठी प्लेट. चौघांना तीन रासियॉन आणि एक पाएया (स्पॅनिश भात) पुरतो. पाएयाचा भात घातल्यावर वीसेक मिनिटं लागतात, त्याआधी परतणं वेगळं. घाई करून ढवळला की गिचका होतो. म्हणून तो हवा असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आणि तळलेलं खायचं असेल तर शक्यतो शनिवारी रात्री ८ ते १० टाळा. तेव्हा फ्रायरवर ताण असतो, तेल थंड पडतं आणि तळणीचा पदार्थ उशिरा येतो.