मोतीलाही कुणीतरी शिकवलंच होतं

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. आमच्या चिंगी कुत्रीला मी शिकवणीच्या क्लासला नेते हे तुम्हाला पटलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की गिरक्या घ्यायला आणि हात मिळवायला शिकवणं ही सर्कस आहे, खाऊ दाखवून काम करून घेणं ही लाच आहे आणि कुत्र्याला मालक कोण एवढं कळलं की पुरे. तुमच्या ग्वाल्हेरातल्या दौलतगंजच्या वाड्यातला मोती कुत्रा कुठल्याही क्लासला गेला नाही, तरी तुमची आई उंबऱ्याबाहेर भाकरी घालायची तिथेच बसायचा आणि स्वयंपाकघरात त्याने कधी पाऊल टाकलं नाही.

मोतीचंच आधी बोलू. आई रोज त्याच जागी, तो बसल्यावरच भाकरी घालत असणार. ओट्यापाशी घुटमळला म्हणून कधी तुकडा टाकला नसणार. एवढं नेमाने वागायला मला आठ रविवार लागले, त्यांना ते अंगचंच होतं. शिवाय मोतीला ग्वाल्हेरचा सगळा लष्कर भाग मोकळा होता, गल्लीतल्या थोरल्या कुत्र्यांनी त्याला कितीतरी शिकवलं असेल. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, हुंगतं, त्याची भीती पुढे सहसा धरत नाही. चिंगी आमच्याकडे आली तेव्हा पाच महिन्यांची होती, आणि आली ती थाटीपूरच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं दार वाजलं तरी पलंगाखाली जायची.

क्लासमध्ये शिकायचं असतं ते मुख्यतः आपण. आमच्या घरचंच सांगते. मी चिंगीला 'बस' म्हणायचे, मुलगा 'सिट', सासूबाई 'खाली हो गं'. त्यात दूधवाला पातेल्यात दूध ओतायला लागला की सासूबाई हिंदीतून 'बस, बस' म्हणायच्या. चिंगी धावत येऊन बसायची, तिच्याकडे कुणी बघायचंही नाही. असं दहा वेळा झाल्यावर त्या शब्दाला तिच्या लेखी काय किंमत राहणार? सरांनी पहिल्याच दिवशी आम्हा तिघांना उभं करून एक खूण ठरवून दिली: उघडा तळहात वर उचलायचा. शब्द नंतर. कुत्री शब्दांपेक्षा हातवारे लवकर ओळखतात, आणि तळहाताला मराठी-हिंदीचा घोळ नाही. आपल्या ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, १९७० पासूनचं. तिथेसुद्धा कुत्र्याबरोबर त्याचा जवान शिकतो. तिथे तयार झालेली रिया ही मुधोळ हाउंड जातीची कुत्री २०२४ मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीट या स्पर्धेत सर्वोत्तम ठरली. आपल्याच मातीतलं कुत्रं, काका.

आता लाच. लाच कामाच्या आधी दाखवतात, बक्षीस काम झाल्यावर मिळतं. ज्या वागण्यातून चांगलं काही पदरात पडतं ते जनावर पुन्हा करतं, हे थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच पिंजऱ्यातल्या मांजरांवर तपासून मांडलं होतं. सुरुवातीला मुठीत पनीरचा मटाराएवढा तुकडा असतो, तीन-चार वेळा झालं की मूठ रिकामी आणि तुकडा दुसऱ्या हातातून, तोही लगेच. चार सेकंद उशीर झाला तर तोवर ती उठलेली असते आणि बक्षीस उठण्याला मिळतं. (शिऱ्यातल्या मनुका मात्र कुणी कुत्र्याला घालू नका, त्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात.)

मालक कोण हे दाखवायचा प्रयोग मी करून बसले आहे. या क्लासच्या आधी एक जण घरी येऊन शिकवायचे. गळ्यात काटेरी पट्टा आणि त्याला हिसका. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की खुंटीवरचा पट्टा काढायला मी हात वर केला की चिंगी जागच्या जागी मुतायची. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. कळपाचा म्होरक्या दरारा बसवतो ही समजूत पसरली ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांकडे बघून. शेंकेल या प्राण्यांच्या अभ्यासकाने १९४७ मध्ये तसं लिहिलं होतं. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन लांडगे-अभ्यासकांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट सांगितलं की कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, असं एक कुटुंबच असतं.

सर्कशीबद्दल तुमचं थोडं खरं आहे. मागच्या दोन पायांवर नाचवणं मलाही पाहवत नाही, वाढत्या पिल्लाच्या सांध्यांवर त्याचा ताण येतो. सरांना मी ते नको म्हणून सांगितलं. पण 'हनुवटी' ऐका. मी तळहात पुढे धरला की चिंगी त्यावर हनुवटी टेकवते आणि मी हात काढेपर्यंत ठेवते. सुरुवात एका सेकंदापासून केली होती. निव्वळ गंमत म्हणून.

भाद्रपदात तिचा कान चिघळला. एरवी दवाखान्यात दोघांनी दाबून धरून तोंड बांधावं लागायचं. या वेळी मी टेबलाशी हात धरला. तिने हनुवटी ठेवली. शेपूट पायांत, मिशांचे केस माझ्या मनगटावर थरथरत होते. कानात पहिला थेंब पडला तशी तिने मान उचलली. मी डॉक्टरांना थांबायला सांगितलं, हात तसाच ठेवला. तिने एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आपण होऊन परत हनुवटी टेकवली. उरलेले थेंब तसेच घातले. कुणी तिला धरलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी रडले.

म्हणून क्लास सोडणार नाही, काका. पुढच्या रविवारी नखं कापण्यासाठी पंजा देणं शिकणार आहोत, तेच तुम्ही म्हणता ते हात मिळवणं.

मला एक मात्र सांगा. मोतीला भाकरी घालताना आई काय म्हणायची? रोज तोच एक शब्द होता का?