श्वास घ्याल तिथे कॉमा? नाही हो!

‘इंग्रजी विरामचिन्हांचा सराव म्हणजे वेळ फुकट घालवणं. जिथे श्वास घ्याल तिथे कॉमा द्या, चिन्हं मराठीतलीच आहेत, आणि राहिलेलं फोन सुधारतोच.’ अशा अर्थाचा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. वाचायला गोड आहे, पण त्यावर विसंबून अर्ज लिहिलात तर फसाल.

आधी श्वासाचं बघू. हे अगदीच हवेतलं नाही. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातला ग्रंथपाल ॲरिस्टोफेनिस अक्षरांशेजारी तीन उंचींवर ठिपके द्यायचा, ते मोठ्याने वाचणाऱ्याने कुठे किती थांबायचं यासाठीच. पण आजचा इंग्रजी कॉमा वाक्याच्या रचनेवर चालतो, फुप्फुसावर नाही. ‘द बॉय हू वॉज सिटिंग निअर द विंडो लेफ्ट.’ इथे ‘विंडो’नंतर जीभ थांबतेच, तरी तिथे कॉमा चूक, कारण कर्ता आणि क्रियापद एका कॉम्याने तोडता येत नाहीत. उलट ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज अब्रॉड इज अ डॉक्टर’ यात कॉमे नसतील तर भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यातला परदेशातला डॉक्टर आहे, असा अर्थ निघतो. ‘ब्रदर’ आणि ‘अब्रॉड’नंतर एकेक कॉमा द्या, भाऊ एकच उरतो!

‘चिन्हं मराठीतलीच’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. चिन्हं तीच, पण वागणूक वेगळी. ‘पाऊस आला, आम्ही आत गेलो’ हे मराठीत झकास वाक्य आहे. तेच ‘द रेन केम, वी वेंट इनसाइड’ असं लिहिलं की परीक्षक लाल रेघ मारतो; तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा कॉम्यासोबत ‘अँड’, ‘सो’सारखं जोडणारं अव्यय लागतं. दुसरी सवय ‘की’ची. मराठीत पुष्कळजण ‘की’च्या आधी स्वल्पविराम देतात, आणि तीच सवय ‘आय नो, दॅट…’ होऊन इंग्रजीत उतरते. मी स्वतः कित्येक वर्षं असंच लिहीत होतो आणि कुणी टोकलंही नाही. ॲपॉस्ट्रॉफीला, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणाऱ्या (’) या चिन्हाला, तर मराठीत जोडीदारच नाही. मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’मध्ये तो नसतो, ‘इट इज’च्या ‘इट्स’मध्ये असतो. कानाला दोन्ही सारखेच, त्यामुळे इथे ऐकून भागत नाही.

फोनचं थोडक्यात. हे दोन्ही ‘इट्स’ शुद्धच आहेत, त्यामुळे फोन कधी चुकीचा तसाच सोडतो, कधी बरोबर असलेला बिघडवतो. तुम्हाला भाऊ किती, हे तर त्याला ठाऊकच नाही.

आणि ‘एका कॉम्याने काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं होतं, ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. मग मालाचं वितरण हे यादीतलं वेगळं काम, की ‘वितरणासाठी पॅकिंग’ एवढंच? एका डेअरीचे ट्रकचालक वितरण करत, पॅकिंग नाही, म्हणून त्यांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली आणि 2018 मध्ये प्रकरण 50 लाख डॉलरवर मिटलं. दरम्यान राज्याने ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली.

सराव कंटाळवाणा असतो हे मात्र मान्य. एकेका सुट्या वाक्यात गाळलेलं चिन्ह भरण्याने फारसं काही हाती लागत नाही, कारण कुठे काहीतरी हवंय हे प्रश्नच सांगून टाकतो. त्यापेक्षा छापील परिच्छेद घ्या, सगळी चिन्हं आणि मोठी अक्षरं काढून तो उतरवून ठेवा. दोन दिवसांनी चिन्हं भरा आणि मूळाशी ताडून बघा. पहिल्या खेपेला माझे बहुतेक कॉमे ‘दॅट’च्या आधीच सापडले होते.