खप आणि आठवण

नमस्कार. टीव्ही कलाकारांनी गायलेल्या, एके काळी गाजून आता विसरल्या गेलेल्या गाण्यांवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की जी गाणी आठवडेच्या आठवडे पहिल्या क्रमांकावर होती त्यांना ‘विसरली गेलेली’ म्हणणं हा त्या टीव्ही कलाकारांचा आणि ती विकत घेणाऱ्यांचा अपमान आहे. शिवाय डेव्हिड हॅसलहॉफला मी उगाच त्या रांगेत बसवलं.

हॅसलहॉफबद्दल तुमचं बरोबर, चूक माझी. ‘नाइट रायडर’ या अमेरिकी मालिकेतल्या या नटाचं ‘लुकिंग फॉर फ्रीडम’ १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीत आठ आठवडे अव्वल होतं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री, भिंत खुली होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, बर्लिनच्या भिंतीजवळ क्रेनच्या पाळण्यात उभं राहून, दिवे लुकलुकणारं जाकीट घालून त्याने ते म्हटलं. गळा बेताचाच आहे. पण ते गाणं त्या रात्रीला असं चिकटलंय की विसरणं शक्य नाही. लेखात दुरुस्ती करतो.

बाकी मी ठाम आहे. ‘सोल्जर सोल्जर’ या सैनिकांवरच्या ब्रिटिश मालिकेत रॉबसन ग्रीन आणि जेरोम फ्लिन यांच्या पात्रांनी ‘अनचेन्ड मेलडी’ म्हटलं. लोक दुकानांत त्याची रेकॉर्ड मागू लागले. रेकॉर्ड कंपनीतल्या सायमन कॉवेलने पिच्छा पुरवून दोघांना तयार केलं. १९९५ मध्ये सात आठवडे पहिला क्रमांक, आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड. आज हेच गाणं कुणी गुणगुणलं तर तुमच्या कानात कुणाचा आवाज येतो? माझ्या कानात राइटियस ब्रदर्स या अमेरिकी गायक जोडीचा, १९६५चा. शेवटाकडे त्यांच्यातला बॉबी हॅटफील्ड ‘नीड’ या एका शब्दावर आवाज जो वर नेतो, तिथे अजूनही अंगावर काटा येतो. रॉबसन-जेरोम नीटनेटकं गातात, सूर सोडत नाहीत, पण त्या जागी काहीच घडत नाही. एकदा दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

विकत घेणाऱ्यांना मी मूर्ख मानत नाही. त्यांनी आवडत्या दोन सैनिकांची दोस्ती घरी नेली, आणि त्यात गैर काय? ‘ईस्टएंडर्स’ या ब्रिटिश मालिकेतल्या निक बेरीचंही तेच. गाणं कथानकातच होतं, १९८६ मध्ये तीन आठवडे अव्वल राहिलं. पात्राची ओढ ओसरली की अशा गाण्याला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतल्या कायली मिनोगला ते जमलं. १९८८ मध्ये मालिका सोडल्यावर ती वर्षानुवर्षं गाण्याच्या मागे राहिली. बहुतेकांना तेवढा वेळ मिळतच नाही, कारण मालिका गाजतेय तोवर रेकॉर्ड बाजारात आणायची घाई कंपनीला असते. माझा राग आहे तो त्या घाईवर, नटांवर नाही.

रॉबसन-जेरोमचे दोन्ही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. तरीही १९९६ नंतर दोघं थांबले आणि अभिनयाकडे परतले. इतकं यश हातात असताना थांबणं सोपं नव्हतं, आणि त्याबद्दल मला दोघांविषयी खरा आदर आहे. लेखात हे लिहायचं राहून गेलं होतं, तेही आज जोडतो.